वीज, वणवा आणि धुमसणारा मोह: वाचकांचे प्रश्न

उन्हाळा चढू लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये जंगलातल्या आगीचे प्रश्न वाढतात. या वेळी मात्र निम्म्याहून जास्त पत्रांत विजेचा उल्लेख आहे. त्यातली काही निवडली. एका प्रश्नाचं उत्तर जरा लांबलं आहे. ते काम घाईने सांगण्यासारखं नाही.

पेंचच्या सिल्लारी गेटमधून सफारीला गेलो होतो. काळा पडलेला एक पट्टा दाखवून कुणी म्हणालं, ‘वीज पडून आग लागली.’ गाडीतल्या दुसऱ्याने हसून सांगितलं, ‘वीज बदनाम आहे, काडी माणसानेच लावली.’ खरं कोणाचं? — एक वाचक, मानकापूर, नागपूर

त्या पट्ट्याबद्दल इथे बसून सांगता येणार नाही. एरवी पैज लावायची तर दुसऱ्याच्या बाजूने लावा. विदर्भातल्या वणव्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा माणूसच असतो. कुणी मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कुणी तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून काडी टाकतो, तर कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवून जेवायला घरी जातो. वीज हे कारण खरं, पण क्वचित. आपल्याकडे वीज आली की तिच्या मागोमाग पाऊसही येतो आणि पेटलेलं विझतं.

अपवाद कधी होतो तेही पाहा. मे महिन्यात दुपारी तापमान 43 अंश आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) 13 अंश असेल, तर फरक 30 अंशांचा. दर अंशाला साधारण 125 मीटर हा ठोकताळा लावला की ढगाचा तळ पावणेचार किलोमीटरवर जातो. इतक्या उंचीवरून निघालेले थेंब खालच्या कोरड्या हवेतच विरतात. विजेला हवेच्या कोरडेपणाचं काही देणंघेणं नसतं, ती जमिनीपर्यंत येते. शिवाय प्रत्येक वीज आग लावत नाही. बहुतेक झटके सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत संपतात. त्यांनी लाकूड फुटतं, पण पेटत नाही. ज्या विजेत प्रवाह सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त वेळ टिकून राहतो, ती पेटवते. तिला सापडावं लागतं वठलेलं किंवा आतून कुजलेलं झाड. हिरवंगार झाड सहसा नुसतं चिरतं.

पुन्हा गेलात तर खुणा जिप्सीत बसूनच बघा, उतरू नका. विजेच्या झाडावर शेंड्याकडून बुंध्याकडे साल सोललेली दिसते, कधी सरळ, कधी पिळा घातल्यासारखी. आतला रस क्षणात वाफ होऊन साल बाहेर फेकतो, म्हणून लाकडाच्या लांब चिळप्या काही मीटरवर पडलेल्या असतात. आगीचा उगम एकच असतो, बहुधा टेकडीच्या धारेवर किंवा एखाद्या सुट्या उंच झाडापाशी. उगम रस्त्याच्या कडेने ओळीत तीन-चार ठिकाणी असेल, मोहाखाली गोल काळा डाग असेल किंवा आग शेताकडून आत गेलेली असेल, तर विजेचं नाव घेऊ नका. खोडावरची काजळीही बोलते. वाऱ्याबरोबर धावणारी आग खोडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूने उंच चढते. त्यामुळे काजळी ज्या बाजूला उंच, तिच्या विरुद्ध दिशेने आग आलेली असते.

माझं वावर जंगलाला लागून आहे. परवा अवकाळीत धुऱ्यावरच्या जुन्या मोहावर वीज पडली. पाऊस नावाला आला. त्या दिवशी काहीच नव्हतं, आज खोडाच्या पोकळीतून धूर निघतो आहे. पाणी ओतू की झाड पाडू? — एक शेतकरी, कोंढाळी परिसर

दोन्ही नको. आधी फोन करा: वन विभागाची हेल्पलाइन 1926, किंवा बीटच्या वनरक्षकाचा नंबर असेल तर थेट त्यांना. गाव, गट क्रमांक, जंगलाच्या कोणत्या बाजूला आहे आणि वारा कुठून कुठे वाहतो, एवढं सांगा. कक्ष क्रमांक माहीत असेल तर उत्तमच.

तुमच्याकडे जे झालं आहे ते विजेच्या आगीचं नेहमीचं रूप आहे. पोकळीतला भुसा निखाऱ्यासारखा धुमसत राहतो. खालच्या भोकातून हवा आत, वरच्या ढोलीतून धूर बाहेर, म्हणजे खोडाचं धुराडं झालेलं असतं. ज्वाळा दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटतो, जळकी फांदी खाली पाल्यात पडते आणि मग सगळे पळतात.

झाडाजवळ जाण्याआधी वर बघा. अर्धवट तुटून लटकलेली फांदी कधीही येते, आवाज न करता. आतून जळालेलं खोडही अचानक बसतं. म्हणून काम नसेल तेव्हा झाडाच्या उंचीच्या दीडपट लांब थांबा आणि एका माणसाला फक्त वर बघायला ठेवा. त्याच्या हातात दुसरं काम द्यायचं नाही, हे ऐकायला चैनीचं वाटतं, पण ते अत्यावश्यक आहे.

आता आग अडवणारी पट्टी. झाड 12 मीटर उंच धरू. ते पडलं तरी पट्टीच्या आत पडलं पाहिजे, म्हणून त्रिज्या 15 मीटर घ्या. घेर सुमारे 94 मीटर भरतो. या घेरावर एक मीटर रुंद पट्टी पार मातीपर्यंत खरवडायची. नुसता वरचा पाला ओढून भागत नाही, खाली कुजलेल्या पाल्याचा आणि मुळ्यांचा थर राहिला तर आग त्यातून सरपटत पलीकडे जाते. चार माणसं, दोन दाताळी, एक पावडा, एक कुऱ्हाड असेल तर तास-दीड तासाचं काम. ओढलेला पाला पट्टीच्या बाहेर टाका. आत ढीग लावला तर तुम्हीच सरण रचल्यासारखं होईल. जमीन उताराची असेल तर खालच्या अंगाला पट्टीऐवजी वीतभर खोल चर खणा आणि माती खालच्या काठावर चढवा, म्हणजे घरंगळणारा निखारा चरातच अडकेल. शेवटी बुंध्याभोवतीचे दोन मीटर लख्ख करा.

मग पोकळी. वरून बादली ओतू नका, वाफ आणि तापलेली राख भपकन तोंडावर येते. 16 लिटरच्या फवारणी पंपाने बारीक तुषार सोडा, थांबा, पुन्हा सोडा. पंप तणनाशकाचा असेल तर आधी तीनदा धुवून घ्या, नाहीतर त्याची वाफ छातीत जाईल. हाती लागेल तेवढा निखारा काठीने बाहेर ओढून माती आणि पाणी मिसळून कालवा, कणीक मळतात तसा. मग खालचं भोक ओल्या चिखलाने घट्ट बुजवा. हवा तुटली की धुराडं मंदावतं. चिखल बुजवल्यावर दुसऱ्याच एखाद्या चिरेतून धूर निघू लागला तर तीही बुजवा.

यानंतरही एक गोष्ट हमखास राहून जाते: मुळं. जुन्या मोहाचं वाळलेलं मूळ जमिनीखालून जळत जाऊन तुमच्या पट्टीच्या पलीकडे तोंड काढू शकतं. बुंध्याभोवती सब्बल टोचून बघा. माती भुसभुशीत आणि गरम लागली तर तिथे खणा आणि मूळ तोडून त्यात चिखल भरा. उष्णता तपासायची ती हाताच्या पाठीने, आधी चार बोटं अंतरावरून. तळव्याने चाचपू नका. तळवा भाजला की पुढचे आठ दिवस कुऱ्हाड धरता येत नाही.

निदान पाच दिवस रोज दोनदा फेरी मारा. पहाटे हवा थंड असते, धुराची बारीक रेघही जमिनीलगत दिसते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला दबलेलं डोकं वर काढतं. पहाटेच्या फेरीला एकटे जाऊ नका, मोहाच्या दिवसांत अस्वलाचीही तीच वेळ असते.

झाड पाडण्याबद्दल: मोह आणि साग ही महाराष्ट्रात अनुसूचित झाडं आहेत. स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगी लागते. झाड धोकादायक झालं असेल तर वनरक्षक पंचनामा करतील, तोवर करवत लावू नका. आणि त्याच धुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, ढीग रचले असतील तर ते आधी हलवा. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही, पण या दिवसांत बहुतेक धुऱ्यांवर ते असतातच.

2025 मध्ये अमेरिकेत ग्रँड कॅन्यनला वीज पडून लागलेली आग म्हणे आधी मुद्दाम जळू दिली. नंतर तिथलं जुनं लॉजच जळालं. हा शहाणपणा की निष्काळजीपणा? आपल्या ताडोब्यात असं चालेल का? — एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

ती ड्रॅगन ब्राव्हो आग. 4 जुलै 2025 रोजी ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर वीज पडून ती लागली. सुरुवातीला तिला ठरवलेल्या हद्दीत रोखून जळू देण्याचं धोरण होतं. आठवड्याभरात वारा फिरला, हद्द ओलांडली गेली आणि ग्रँड कॅन्यन लॉजसह अनेक इमारती गेल्या. शेवटी सुमारे 1,45,000 एकर क्षेत्र आगीखाली आलं, म्हणजे जवळपास 587 चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचा गाभा 625 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्या.

पण जळू देणं हा नुसता आळस नव्हे. अमेरिकेत कित्येक दशकं दिसेल ती आग विझवली गेली. त्यामुळे जंगलाच्या तळाशी इंधन साठत गेलं आणि पुढची आग जास्त भयंकर झाली. म्हणून यलोस्टोनमध्ये 1972 पासून विजेच्या काही आगी जळू देऊ लागले. 1988 च्या कोरड्या उन्हाळ्यात त्या धोरणाची परीक्षा झाली. उद्यानाच्या सुमारे 36 टक्के भागातून आग फिरली आणि ती आटोक्यात आणली ती माणसांनी नाही, 11 सप्टेंबरच्या बर्फाने. तिथल्या लॉजपोल पाइनची पुष्कळ फळं राळेने बंद असतात, आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बी पडतं. जंगल परत उभं राहिलं.

आमचं मत विचाराल तर ग्रँड कॅन्यनमध्ये धोरणापेक्षा वेळ चुकली. जुलैच्या कोरड्या दिवसांत, इमारतींच्या जवळ, वाऱ्याचा भरवसा नसताना आग पाळणं म्हणजे दावं न बांधता बैल वावरात सोडणं.

ताडोब्यात किंवा पेंचमध्ये हे चालणार नाही, याची कारणं साधी आहेत. यलोस्टोन सुमारे 8,983 चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातलं पेंच राष्ट्रीय उद्यान 257. इतक्या छोट्या जागेत आगीला फिरायला सोडायचं तर ती थेट गावच्या वेशीवर जाईल. दुसरं, आपल्या पानगळीच्या जंगलाला आगीची उपासमार नाही, उलट अजीर्ण आहे. इथली आग शेंड्यावर क्वचित चढते, जमिनीवरचा पाला आणि गवत खात जाते. मोठा साग तगतो, पण बोटाएवढी रोपं दरसाल जळतात. चार-पाच वर्षं असं झालं की पुढची पिढीच राहत नाही आणि मोकळ्या जागी रायमुनिया, म्हणजे घाणेरी, शिरते. तीही वाळली की कडकडून पेटते. रातवा, तित्तिर, मोर यांची घरटी याच महिन्यांत जमिनीवर असतात. आगीनंतर कोवळं गवत येतं, चितळं जमतात, पर्यटक खूश होतात. त्या हिरवळीवरून आग चांगली होती असा निष्कर्ष काढू नका.

कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात आग लावणं किंवा जळती सोडणं गुन्हा आहे. विभाग स्वतः जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठीचे मोकळे पट्टे, जाळतो, ते वेगळं. ते काम हंगामाआधी, गवत कापून, वाळवून, माणसं उभी करून होतं.

आमच्या गावच्या समितीला पाला उडवणारे दोन ब्लोअर मिळाले. एकाचं इंजिन पहिल्याच महिन्यात जाम झालं. दुसऱ्याने आग विझण्याऐवजी पसरली, असं पोरं सांगतात. चूक कुठे? — समितीचा एक सदस्य, रामटेक तालुका

पहिल्याचं कारण बहुधा तेल. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, वंगणासाठी पेट्रोलमध्येच 2टी तेल घालावं लागतं. माहितीपुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. अंदाजाने ‘एक झाकण’ टाकलं की घोटाळा होतो: तेल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, जास्त झालं तर स्पार्क प्लग काळा होऊन मशीन सुरूच होत नाही. एक मोजपात्र कॅनलाच बांधून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, म्हणून मिश्रण महिन्याहून जुनं वापरू नका आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा. एअर फिल्टर राखेने बुजतो. वणव्यावरून आल्यावर दर वेळी तो काढून झटका.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या, आणि ते आगीपासून लांब, उघड्या मातीवर करा. गरम सायलेन्सरवर थेंब सांडला तर ब्लोअर पाठीवर असतानाच पेटतो.

दुसऱ्याची चूक हाताळण्यात आहे. ब्लोअर आग विझवत नाही, तो आगीच्या तोंडचा घास काढून घेतो. चालवणाऱ्याने न जळलेल्या बाजूला, आगीच्या कडेने चालायचं. नळी खाली झुकवून झोत ज्वाळेच्या मुळाशी, जळालेल्या बाजूकडे मारायचा. पेटता पाला काळ्यात परत जातो आणि मागे उघड्या मातीची पट्टी राहते. झोत ज्वाळेच्या मधोमध मारला तर तुम्ही लोहाराचा भाताच आहात. उभ्या कुसळी गवतात तर ब्लोअर वापरूच नका. गवत मुळाशी धरलेलं असतं, उडून जात नाही, फक्त जोरात पेटतं. तिथे हिरव्या फांद्या किंवा झोडणी आणि मागून पंप. सागाच्या पाल्यात मात्र ब्लोअरसारखं हत्यार नाही.

ब्लोअरवाला एकटा कधीच नको. त्याच्या मागे दाताळंवाला, त्याच्या मागे पंपवाला. इंजिनाच्या आवाजात त्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून खांद्यावर थाप हीच खूण ठरवा.

सुरुवात आगीच्या शेपटीकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, रस्ता किंवा नाल्याचा काठ धरून, मग दोन्ही कडांनी डोक्याकडे, म्हणजे पुढे धावणाऱ्या टोकाकडे. ज्वाळा छातीच्या वर, म्हणजे चार फुटांहून उंच असतील तर समोर जाऊ नका. मागे हटून रस्त्यावर किंवा जाळरेषेवर तिला गाठा. चढावर आग धावते, 10 अंशांच्या उताराला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून टेकडीच्या माथ्यावर थांबून तिची वाट बघणं हा आत्मघात. पळवाट आधी ठरवा. बहुतेक वेळा सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे जळून थंड झालेला काळा भाग. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, टेरिकॉट आणि नायलॉन घरी ठेवा. माणशी तासाला लिटरभर पाणी धरा. डोकं दुखून मळमळू लागलं तर तो नुसता उन्हाचा त्रास समजू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. त्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत न्या.

अजून एक. जाळरेषा 15 फेब्रुवारीच्या आत साफ झाली म्हणून निश्चिंत राहू नका. साग त्यानंतरही पानं गाळतो. मार्चच्या मध्यावर तीच रेषा पुन्हा पाल्याने झाकलेली असते. नकाशावर ती जाळरेषा असेल, पण आगीसाठी तो रस्ताच असतो. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर फिरवा, तुमच्या मशीनचा खरा उपयोग तिथे आहे.

मोबाइलवर उपग्रहाचा आगीचा इशारा आला, जाऊन पाहिलं तर वीटभट्टी! मग या इशाऱ्यांचा उपयोग काय? — कामठी

उपग्रहाला आग दिसत नाही, भोवतालपेक्षा जास्त तापलेला ठिपका दिसतो. तो वीटभट्टीचा असू शकतो किंवा जळत्या पऱ्हाटीचा. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था हे इशारे जंगलाच्या नकाशाशी ताडून पाठवते. व्हीआयआयआरएस या संवेदकाचा एक ठिपका 375 मीटरचा असतो, जुन्या मोडिसचा एक किलोमीटरचा. म्हणून पोहोचल्यावर आजूबाजूला शोधावं लागतं. व्हीआयआयआरएसच्या फेऱ्या साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास होतात. तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. खोडात धुमसणारा मोह तर दिसणारच नाही, वर ढग असतील तर मोठी आगही नाही. मनोऱ्यावरून आगीवर नजर ठेवणारा अंगारी अजून बेकार झालेला नाही.

वाऱ्याने बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, हे खरं का? — महाल, नागपूर

शाळेत सगळ्यांनी ऐकलं आहे. घासून आग काढायची तर कोरडं लाकूड एकाच जागी, दाबून, सतत फिरवावं लागतं. वाऱ्यात डुलणारे बांबू तसं करत नाहीत. फुलून वाळलेलं बांबूचं बेट मात्र उत्तम इंधन आहे. पेटलं की पेरं फटाक्यासारखी फुटतात आणि ठिणग्या लांब उडतात.

मे महिन्यात सफारीत असताना विजा कडाडू लागल्या तर जिप्सीत बसून राहणं सुरक्षित आहे का? — एक गृहिणी, मनीषनगर, नागपूर

बंद मोटारीत धातूचं छत आणि चारही बाजूंचा पत्रा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतात. उघड्या जिप्सीला छतच नाही, त्यामुळे ते संरक्षण नाही. रबरी टायरने वाचतो हा गैरसमज. लखलखाट ते गडगडाट सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, चालकाला गेटकडे वळायला सांगा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पक्क्या इमारतीत थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं. गाभ्यात नेटवर्क नसतं, म्हणून आत शिरण्याआधी गेटवरच एकदा बघून घ्या. परतायला वेळच नसेल तर गाडी सुट्या उंच झाडाखाली, पाणवठ्याच्या काठी किंवा टेकडीच्या माथ्यावर उभी करू देऊ नका. उभं राहू नका, खाली वाकून बसा, हात लोखंडी दांड्यावरून काढा. मुलांना मधल्या सीटवर घ्या.

आणि परतताना एखाद्या वठलेल्या झाडातून धुराची रेघ दिसली, तर जागा लक्षात ठेवा, पाणवठ्याचं नाव किंवा रस्त्यावरचा फलक टिपा आणि गेटवर लगेच सांगा. पाऊस पडून गेला आहे म्हणून सोडून देऊ नका, पोकळीच्या आत तो पोहोचलेला नसतो.